अखेरची शुश्रूषा आणि समाजाचे कर्तव्य

(वर्धापनदिन सोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



घरातील मनुष्य निवर्तला की सारा वाडा गोळा होतो. कोणी बोलावणे पाठवीत नाही, तरी माणसे येतात. कोणी लाकडांची व्यवस्था पाहतो, कोणी भटजींकडे जातो, कोणी परगावच्या मुलांना कळवतो. त्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारच्या घरातून जेवण येते. खांदा द्यायला माणसे कमी पडली असे आपल्या समाजात क्वचितच घडते. ही रीत मोठी आहे, आणि तिचा अभिमान बाळगावा अशीच ती आहे.

परंतु तोच मनुष्य त्यापूर्वी सहा-आठ महिने माजघरातल्या खाटेवर पडून असतो. पहिल्या आठवड्यात फळांच्या पिशव्या घेऊन भेटीस येणारे दुसऱ्या महिन्यात विरळ होतात आणि तिसऱ्या महिन्यात दिसेनासे होतात. यात कोणाचा दुष्टावा नसतो. काय बोलावे हे कोणाला सुचत नाही, म्हणून पाय अडखळतो. इस्पितळातून "आता घरी घेऊन जा, येथे करण्यासारखे काही उरले नाही" असे सांगितलेले असते. मग त्या घरातील पत्नी किंवा सून एकटीच रात्री उठून कूस बदलून देते, जखम पुसते आणि कण्हणे ऐकत पहाटेची वाट पाहते. मृत्यूनंतर धावून येणारा समाज मृत्यूपूर्वीच्या या महिन्यांत कोठे असतो, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न होय. केरळातील काही डॉक्टरांनी, परिचारिकांनी आणि सामान्य नागरिकांनी या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपले आयुष्य वेचले. त्यांच्या कार्याची ओळख करून देणे, एवढाच येथे हेतू आहे.

या विद्येला इंग्रजीत 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणतात. मराठीत तिला उपशामक शुश्रूषा म्हणता येईल. हे इंग्रजी नाव माँट्रियल येथील शल्यचिकित्सक बाल्फोर माउंट यांनी १९७० नंतरच्या दशकात रूढ केले. त्याच्या मुळाशी 'पॅलियम' हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ अंगावर घ्यावयाचे वस्त्र असा होतो. थंडी हटवता येत नसली तरी कुडकुडणाऱ्याच्या अंगावर पांघरूण घालता येते. रोग बरा होण्याजोगा नसला तरी वेदना, धाप, ओकाऱ्या, अंथरूणव्रण, भय आणि एकटेपणा यांवर इलाज आहे, आणि तो करणे हे वैद्यकाचे पूर्ण प्रतिष्ठेचे काम आहे, असे हे शास्त्र मानते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा शुश्रूषेची गरज असते आणि त्यांपैकी जेमतेम १४ टक्के लोकांना ती लाभते.

या शास्त्राचा आधुनिक पाया लंडनमध्ये सिसिली साँडर्स या विदुषीने घातला. महायुद्धाच्या काळात त्या परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले, तेव्हा त्यांनी इस्पितळातील समाजसेविकेचे काम पत्करले. १९४८ साली डेव्हिड टास्मा नावाचा, वॉर्सा शहरातून आलेला एक ज्यू निर्वासित त्यांच्या देखरेखीखाली कर्करोगाने मृत्यू पावला. परक्या देशात त्याचे जवळचे असे कोणी नव्हते. मरणोन्मुख माणसासाठी कसे स्थान असावे याविषयी दोघे पुष्कळ बोलत असत. त्याने आपल्या शिलकीतील ५०० पौंड त्या भावी वास्तूच्या एका खिडकीसाठी ठेवले. अशा रुग्णांसाठी खरोखर काही करावयाचे असेल तर स्वतः डॉक्टर झाले पाहिजे हे ओळखून साँडर्सबाईंनी वयाच्या तिशीनंतर वैद्यकाचा अभ्यास आरंभिला आणि १९५७ साली त्या डॉक्टर झाल्या.

पुढची सात वर्षे त्यांनी पूर्व लंडनमधील हॅकनी भागात, सेंट जोसेफ हॉस्पिस या जोगिणींनी चालवलेल्या शुश्रूषागृहात, संशोधन केले. सुमारे १,१०० रुग्णांच्या नोंदी त्यांनी बारकाईने ठेवल्या. मॉर्फिन दिले की रुग्णाला त्याचे व्यसन लागते आणि मात्रा वाढतच जाते, असा त्या काळच्या डॉक्टरांचा समज होता. म्हणून वेदना असह्य होईपर्यंत औषध रोखून धरण्याचा प्रघात होता. वेदना परतण्यापूर्वीच, ठरलेल्या वेळी, मोजून मापून मॉर्फिन दिले तर रुग्ण शांत राहतो, शुद्धीवर राहतो आणि घरच्यांशी बोलू शकतो, असे त्यांच्या नोंदींतून दिसून आले. वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, संसाराची आणि श्रद्धेचीही असते, हा त्यांचा दुसरा सिद्धान्त होय. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस स्थापन केले. तेथे शुश्रूषा, शिक्षण आणि संशोधन ही तिन्ही कामे एकाच छपराखाली चालू झाली.

भारतात ही कल्पना १९८६ साली मुंबईत शांती आवेदना आश्रमाच्या रूपाने रुजली. कर्करोगतज्ज्ञ डॉ. लुईस जोझे डिसोझा यांनी स्थापलेल्या या संस्थेची शाखा पुढे गोव्यातही निघाली. ही पुण्याईची कामे आहेत. तथापि शुश्रूषागृहाला खाटा किती असणार? पन्नास खाटांचे शुश्रूषागृह पन्नास रुग्णांपुरते असते. घरोघरी पडून असलेल्या हजारोंचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

त्या प्रश्नाला भिडण्याचे श्रेय केरळातील कोझिकोडे शहराकडे जाते. तेथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात भूलशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी आपला एक अनुभव पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितला आहे. कर्करोगाने पीडित एका रुग्णाची वेदना त्यांनी मज्जातंतूत औषध टोचून थांबवली. पुन्हा कधी येऊ, असे रुग्णाने विचारले, तेव्हा आता येण्याचे कारण नाही, असे त्यांनी सहजपणे उत्तर दिले. आपला रोग बरा होणारा नाही हे त्या गृहस्थाला तोवर कोणी सांगितलेच नव्हते. त्या उत्तरावरून त्याला ते उमगले आणि घरी जाऊन त्याने जीवन संपवले. तंत्र यशस्वी झाले होते, माणूस मात्र हातचा गेला होता. राजगोपाल यांनी या घटनेचा दोष दुसऱ्या कोणावर टाकला नाही. आपण वेदनेवर उपचार केला, परंतु माणसाकडे पाहिले नाही, असा बोध त्यांनी घेतला.

१९९३ साली डॉ. राजगोपाल, त्यांचे सहकारी डॉ. सुरेश कुमार आणि एक स्वयंसेवक यांनी महाविद्यालयाच्या आवारात वेदना व उपशामक शुश्रूषेचे बाह्यरुग्ण केंद्र सुरू केले. साँडर्सबाईंकडे संशोधन केलेले ऑक्सफर्डचे डॉ. रॉबर्ट ट्वायक्रॉस यांच्यासारख्या मंडळींचे साह्य त्यांना लाभले. रुग्णाला दाखल करून न घेता तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन घरी न्यावयास देणे, हा या केंद्राचा परिपाठ होता.

येथे एक विचित्र परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. औषधी उपयोगासाठी परवान्याने अफू पिकवणारे देश जगात मोजकेच आहेत आणि भारत हा त्यांतील एक प्रमुख देश आहे. मंदसौर-नीमचच्या पट्ट्यात ही शेती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु १९८५ साली अमली पदार्थांविषयीचा कडक कायदा झाला, मॉर्फिन बाळगण्यासाठी अनेक खात्यांचे परवाने एकाच वेळी वैध असणे आवश्यक ठरले, आणि शिक्षेच्या भयाने इस्पितळांनी हे औषध ठेवणेच सोडून दिले. १९८५ ते १९९७ या काळात भारतातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर जवळजवळ ९७ टक्क्यांनी घटला. ज्या देशाच्या शेतातून जगाचे वेदनाशामक जाते, त्याच देशातील रुग्ण तळमळत होता.

घरी दिलेले मॉर्फिन वाटेल तेथे जाईल, ही सरकारची भीती. तिला केवळ भावनेने उत्तर देता येत नव्हते. पुरावा हवा होता. कोझिकोडेच्या केंद्राने तो गोळा केला. दोन वर्षांत घरी मॉर्फिन दिलेल्या १,७२३ रुग्णांचा पाठपुरावा करण्यात आला आणि औषधाचा दुरुपयोग किंवा गैरमार्गाने विक्री झाल्याचे आढळले नाही. डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी हा अभ्यास २००१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. अशा पुराव्याच्या बळावर चाललेल्या दीर्घ प्रयत्नांनंतर २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि परवान्यांचे जंजाळ सैल केले. सेवाभाव आणि संशोधन ही एकाच गाडीची दोन चाके कशी असतात, हे या उदाहरणावरून दिसते.

परंतु केंद्र चालू लागले तशी त्याची मर्यादाही दिसू लागली. दूरच्या खेड्यातील रुग्णाला जीपने किंवा बसने कोझिकोडेला आणणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवून, उसने पैसे काढून केलेली यात्रा. तो एकदोनदा येई आणि मग येईनासा होई. शिवाय मॉर्फिनने वेदना थांबली तरी घरात तांदूळ नाहीत, मुलीची शाळा सुटली, पत्नीला तीन महिन्यांत उंबऱ्याबाहेर जाता आले नाही, या गोष्टी औषधाच्या चिठ्ठीवर कशा लिहिणार? डॉ. सुरेश कुमार यांच्या विचाराला येथे वळण मिळाले. दीर्घ आजार आणि मरण हा मूलतः सामाजिक प्रश्न आहे, त्यात वैद्यकाचा एक भाग आहे. आपण मात्र त्याला वैद्यकीय प्रश्न समजून समाजाला त्याची किरकोळ शेपटी जोडतो, असे ते प्रतिपादन करू लागले. प्रश्न समाजाचा असेल तर त्याची मालकीही समाजाकडे गेली पाहिजे.

या विचारातून २००१ साली शेजारधर्मावर उभारलेली उपशामक शुश्रूषेची जाळी आकारास आली. इंग्रजीत तिला 'नेबरहूड नेटवर्क' असे म्हणतात. मलप्पुरम जिल्हा हे तिचे पहिले मोठे क्षेत्र. येथील असंख्य तरुण पोटासाठी आखातात गेलेले आणि घरी म्हातारी माणसे मागे उरलेली. हे चित्र आपल्याही अनेक कुटुंबांना अनोळखी वाटू नये.

योजना साधी होती. आठवड्यातून किमान दोन तास देऊ शकेल अशा कोणाही स्त्रीपुरुषाने नाव नोंदवावे. त्याला १६ तासांचे पाठ आणि अनुभवी पथकाबरोबर चार दिवसांचे प्रत्यक्ष काम, एवढे शिक्षण मिळे. मग एकाच परिसरातील दहा-पंधरा जणांचा गट होई. या गटाने आपल्या भागात कोण अंथरुणाला खिळले आहे हे शोधावे, त्या घरी जावे, काय हवे-नको ते पाहावे. गटाच्या पाठीशी प्रशिक्षित परिचारिका आणि डॉक्टर असत. शिक्षक, विद्यार्थी, शेतमजूर, दुकानदार, गृहिणी, रिक्षावाले असे सर्व थरांतील लोक यात आले. निधीचा मोठा भाग स्थानिक लोकांच्या छोट्या छोट्या देणग्यांतून, दुकानांत आणि शाळांत ठेवलेल्या पेट्यांतून जमत असे. मोठ्या देणगीदारावर विसंबण्यापेक्षा शंभर घरांचा रुपया बरा, कारण रुपया देणारे प्रत्येक घर त्या कामाला आपले मानते.

कामाची वाटणीही विचारपूर्वक केलेली. परिचारिका अंथरूणव्रण धुते, लघवीची नळी बदलते, तोंडातील जखमांची काळजी घेते आणि हे सारे घरच्या माणसांना शिकवते. औषधाची मात्रा डॉक्टर ठरवतो. स्वयंसेवक त्यांच्या कामात हात घालत नाही. तो तांदळाची सोय करतो, मुलांच्या वह्यापुस्तकांचे पाहतो, सरकारी कचेरीतील अर्ज लिहून देतो. आणि पुष्कळदा तो काहीच करीत नाही, खाटेजवळ तासभर बसतो, म्हणजे घरातील बाईला तेवढा वेळ निजता येते. आरंभी कर्करोगाच्या रुग्णांपुरते असलेले हे काम लवकरच पक्षाघात, पाठीच्या कण्याची दुखापत, वार्धक्य आणि इतर दीर्घ आजार यांपर्यंत विस्तारले. रोगाच्या नावापेक्षा घरातील गरज हा निकष झाला.

या लोकचळवळीमागून सरकार आले. २००८ साली केरळ सरकारने उपशामक शुश्रूषेचे धोरण जाहीर केले. असे धोरण करणारे ते भारतातील पहिले राज्य. ग्रामपंचायतींनी परिचारिका नेमून घरोघरच्या शुश्रूषेची जबाबदारी घ्यावी, अशी व्यवस्था त्यातून उभी राहिली. २०१० साली इकॉनॉमिस्ट समूहाच्या अभ्यासविभागाने ४० देशांत मरणसमयीच्या शुश्रूषेची तुलना केली, तेव्हा भारताचा क्रमांक चाळिसावा, म्हणजे शेवटचा लागला. त्याच अहवालात केरळाचा मात्र गौरव होता: देशाच्या लोकसंख्येपैकी अवघे ३ टक्के लोक असलेल्या या राज्यात देशातील दोन-तृतीयांश उपशामक सेवा चालत होत्या. त्याच वर्षी डॉ. सुरेश कुमार यांच्या कोझिकोडे येथील संस्थेला जागतिक आरोग्य संघटनेने या क्षेत्रातील लोकसहभागाचे सहयोगी केंद्र म्हणून मान्यता दिली.

लोकसहभाग वाढवणारा आणि त्याच कामाचे संशोधन करणारा असा दुहेरी भार वाहणारा मनुष्य नेमके काय करतो, हे समजून घेणे उद्‌बोधक आहे. एका हाताने तो माणसे जोडतो आणि दुसऱ्या हाताने आपल्याच कामाला अवघड प्रश्न विचारतो. आपण खरोखर सर्वांत गरजू घरापर्यंत पोहोचलो, की रस्त्याच्या कडेच्या घरांपर्यंतच? स्वयंसेवक आल्यावर रुग्णाची वेदना उतरते का, की केवळ स्वयंसेवकाला समाधान वाटते? घरातील गुपित गावात तर पसरत नाही ना? समाजाच्या नावाने शेवटी सारा भार स्त्रियांच्याच खांद्यावर येत नाही ना? मदत घेणाऱ्याचा स्वाभिमान राखला जातो का? असे प्रश्न टाळणारी सेवा थोड्याच दिवसांत समारंभ होऊन बसते. केरळातही प्रत्येक गटाचे काम सारख्याच दर्जाचे राहिले असे नव्हे, आणि आरंभीचा उत्साह टिकवणे ही नित्याची अडचण आहे. या कामाची प्रतिष्ठा टिकली ती असे प्रश्न नोंदवहीत मांडण्याचे धैर्य ठेवल्यामुळे.

या अभ्यासकांत डॉ. लिबी सॅलनाव या इंग्रज डॉक्टरीणबाईंचा उल्लेख केला पाहिजे. उपशामक वैद्यकाच्या या अभ्यासिकेने डॉ. सुरेश कुमार यांच्यासमवेत केरळातील कार्यावर लेखन केले. २०२२ साली मृत्यूच्या मूल्याविषयी 'लॅन्सेट' आयोगाचा जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्याच्या त्या प्रमुख लेखिका होत. श्रीमंत देशांत मरण इस्पितळांच्या यंत्रांत गुंतून पडले आणि कुटुंब व शेजार यांचा हात सुटला. गरीब देशांत अगणित माणसे साध्या वेदनाशामकाविना मरतात. हे दोन्ही दोष मांडून, अधिक आशादायक वाटेचे उदाहरण म्हणून त्या अहवालाने केरळाकडे बोट दाखवले.

याहून अर्थपूर्ण गोष्ट पुढेच आहे. केरळापासून प्रेरणा घेऊन लंडनमध्ये 'कंपॅशनेट नेबर्स', म्हणजे सहृदय शेजारी, नावाचा उपक्रम निघाला. सामान्य नागरिकांना थोडे शिक्षण द्यावे आणि त्यांनी आपल्याच भागातील आजारी, एकाकी माणसाशी मैत्र जोडावे, अशी ती योजना. डॉ. सॅलनाव यांनी तिचा संशोधनपर अभ्यास केला. हा उपक्रम सुरू झाला तो हॅकनी भागातील सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये; म्हणजे जेथे १९५८ साली सिसिली साँडर्स हातात वही घेऊन रुग्णांच्या खाटांमधून फिरू लागल्या होत्या, त्याच संस्थेत. वेदना कशी शमवावी हे ज्ञान त्या घरातून निघून कोझिकोडेला आले, आणि शेजार कसा जागवावा हे ज्ञान कोझिकोडेहून त्या घरी परत गेले.

श्रोतेहो, या कथनातून आपल्यापुरते काय घ्यावे? पहिली गोष्ट ही, की वेदना केवळ सांत्वनाने जात नाही. तिला शिकलेला डॉक्टर आणि परिचारिका हवी, आणि योग्य औषध हवे. मॉर्फिनचे नाव काढताच घाबरून रुग्णाला तळमळत ठेवणे हे पाप आहे, अज्ञानातून घडले तरी. दुसरी गोष्ट ही, की केवळ औषधाने भागत नाही. घरात माणूस यावा लागतो.

माणसांची जमवाजमव ही विद्या महाजन मंडळींना नव्याने शिकवण्याची गरज नाही. वर्षभराच्या सेवा पाळीपाळीने वाटून घेणे, उत्सवाच्या रात्री कोणी कोठे उभे राहावयाचे ते ठरवणे, पै-पैचा हिशेब सभेपुढे ठेवणे ही येथील जुनी वहिवाट आहे. पालखी जड असते. ती एकाच्या खांद्यावर रात्रभर राहिली तर तो कोसळेल; म्हणून वाटेत खांदे बदलले जातात आणि देव सुखरूप देवळात परततो. खाटेवरील म्हातारा बाप किंवा आई हे घरातील एकाच सुनेच्या खांद्यावर महिनोन्‌महिने असतात आणि तेथे खांदा बदलणारा कोणी येत नाही. ज्यांची मुले मुंबई-पुण्यास किंवा परदेशी आहेत, त्यांच्या घरी तर ती सूनही नसते.

प्रारंभ लहान असू शकतो. आपल्या वाड्यात कोण अंथरुणाला खिळले आहे याची एक यादी. आठवड्यातील दोन तास देऊ इच्छिणाऱ्यांची दुसरी यादी. आणि जवळच्या आरोग्यकेंद्रातील डॉक्टर व परिचारिकेशी एक भेट. रुग्ण महाजनांच्या कुटुंबातील आहे की नाही, हा प्रश्न या यादीत नसावा. केरळातील गटांनी तो कधी विचारला नाही, म्हणून ती जाळी साऱ्या जिल्ह्याची झाली.

खांदा देणे हे आपल्याकडे मोठे पुण्य मानले आहे, आणि ते आहेच. परंतु ज्याला खांदा दिला त्याला ते कळत नाही. त्याच्या खाटेशी दोन महिने आधी जो बसला, त्याचा हात मात्र त्याने धरलेला असतो.